तीन सी.सी.चा छंद

गेल्या वर्षीच्या आपल्या स्नेहसंमेलनात एका ज्येष्ठ सर्जन मित्राने मला बाजूला घेतले आणि अत्यंत काळजीच्या स्वरात विचारले, "सर्व ठीक आहे ना? आमच्या चिरंजीवांनी तुम्हाला रविवारी सकाळी मकरपुऱ्याच्या जी.आय.डी.सी.त, एका कारखान्याच्या आवारात, जमिनीवर उकिडवे बसलेले पाहिले. समोर एक वीतभर मोटार होती आणि तुम्ही म्हणे तिला कान लावून बसला होता."

चिरंजीवांचे निरीक्षण अचूक होते, निदान मात्र चुकले होते. मी मोटारीचा आवाज ऐकत होतो. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा "वैद्यकीय लेख नको, एखाद्या छंदाविषयी लिहा" असा आग्रह धरला, तेव्हा या गैरसमजाचे जाहीर निराकरण करण्याची संधी आयतीच चालून आली. तथापि लिहावयास बसल्यावर लक्षात आले की, या छंदाविषयी लिहिताना मला वैद्यकीय विषय सर्वस्वी टाळता येणार नाही. ते का, हे लेखाच्या अखेरीस कळेल.

माळ्यावरची गाडी

माझा पुतण्या आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागात, म्हणजे १८९० साली सयाजीराव महाराजांनी स्थापन केलेल्या कलाभवनाच्या परंपरेत, मेकॅनिकलचे शिक्षण घेत होता. मुंबईच्या आय.आय.टी.तील 'टेकफेस्ट' या विद्यार्थी महोत्सवात त्या काळी इंधनावर धावणाऱ्या छोट्या गाड्यांची शर्यत असे. तिच्यासाठी त्याने व त्याच्या तीन मित्रांनी आमच्या घराच्या मागील ओट्यावर एक गाडी तयार केली. सांगाडा स्वतः कापलेला, इंजिन आयात केलेले, आणि एक नादुरुस्त गिअर मकरपुऱ्यातील एका खरादीवाल्याने हौसेने, पैसे न घेता कातून दिलेला. पवईला त्यांची गाडी दुसऱ्या फेरीत बंद पडली. मुले हिरमुसली नाहीत. परतीच्या प्रवासात ती का बंद पडली याचीच चर्चा करत ती बडोद्यापर्यंत आली. पुढे पुतण्या नोकरीनिमित्त पुण्यास गेला आणि गाडी आमच्या माळ्यावर गेली.

२०२० च्या टाळेबंदीत बालरोगतज्ज्ञांचे दवाखाने कसे ओस पडले होते हे आपणांस सांगावयास नको. शाळा बंद, मुले घरात, सर्दी-खोकल्याची साथसुद्धा नाही. आयुष्यात प्रथमच दुपारी मोकळा वेळ मिळाला. माळा आवरताना ती गाडी हाती लागली. पुतण्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "काका, आधी बेअरिंग फिरतात का पाहा. मग बोलू." बेअरिंग गंजून घट्ट बसली होती. ती बदलण्यापासून माझ्या शिक्षणास आरंभ झाला.

खेळणे नव्हे, यंत्र

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक रिमोटच्या गाड्या विजेवर चालतात. आजच्या लिथियम बॅटऱ्या आणि ब्रशविरहित मोटारी इतक्या सरस झाल्या आहेत की, केवळ वेग हवा असेल तर विजेची गाडी घ्यावी हेच प्रामाणिक उत्तर आहे. तिला आवाज नाही, धूर नाही, उपद्व्याप नाही. इंधनाची गाडी घ्यावी ती यंत्राची ओढ असणाऱ्याने. तिच्यात खरेखुरे दोन-स्ट्रोक इंजिन असते, कार्ब्युरेटर असतो, क्लच असतो, ब्रेक असतो, आणि स्वभावही असतो.

या गाड्या मूळ मोटारीच्या एक-दशांश किंवा एक-अष्टमांश प्रमाणात बनविलेल्या असतात. इंजिनाचा आकार घनइंचात सांगण्याची प्रथा आहे. ०.१२ म्हणजे साधारण २ सी.सी., ०.१५ म्हणजे अडीच, ०.१८ म्हणजे सुमारे ३ आणि ०.२१ म्हणजे साडेतीन सी.सी. माझी गाडी तीन सी.सी.ची. आपण लहान मुलांना औषध देतो त्या पाच मिलिलिटरच्या चमच्यापेक्षाही लहान जागेत हे इंजिन मिनिटाला तीस हजारांच्या आसपास फेरे घेते.

या इंजिनात स्पार्क प्लग नसतो. त्याऐवजी 'ग्लो प्लग' असतो. १९४७ साली अमेरिकेत रे आर्डेन यांनी तो बाजारात आणला आणि छोट्या इंजिनांचे जग बदलले. या प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेचे वेटोळे असते. सुरू करताना दीड व्होल्टच्या आतली छोटी बॅटरी लावून ते लाल करावयाचे. एकदा इंजिनाने जीव धरला की बॅटरी काढून घ्यावयाची. पुढे मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर उत्प्रेरणाने आपोआप उष्णता निर्माण करते, दाब आणि आधीच्या स्फोटाची ऊब तिला साथ देतात, आणि तार तापलेली राहते. वायर नाही, कॉइल नाही. आपल्या एंझाइमांचे कार्य शिकलेल्या कोणासही या साधेपणाचे कौतुक वाटावे.

टाकीत काय भरावयाचे?

या गाडीत पेट्रोल घालू नये. तिचे इंधन तीन पदार्थांचे असते: मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. नवशिक्याच्या इंधनात साधारणतः १६ ते २० टक्के नायट्रोमिथेन, १० ते १८ टक्के तेल आणि उरलेले मिथेनॉल असते.

नायट्रोमिथेनचे काम समजून घेण्यासारखे आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला साडेसहा किलोच्या आसपास, तर नायट्रोमिथेनला अवघी १.७ किलो, कारण त्याच्या रेणूतच प्राणवायू असतो. इंजिनात एका वेळी शिरणारी हवा तेवढीच असते. त्या हवेत जितके अधिक इंधन जाळता येईल तितकी शक्ती अधिक. म्हणून नायट्रोमिथेन. याच गुणामुळे ते स्फोटकांच्या कच्च्या मालातही मोडते आणि युरोपीय संघात १६ टक्क्यांहून अधिक प्रमाणाच्या मिश्रणाच्या सर्वसाधारण विक्रीवर निर्बंध आहेत.

तिसरा घटक तेल. दोन-स्ट्रोक इंजिनात तेलाची वेगळी टाकी नसते, त्यामुळे वंगण इंधनातूनच जावे लागते. हे तेल कृत्रिम असते किंवा चक्क एरंडेल असते. जगात एरंडीच्या उत्पादनात भारत पहिला आणि भारतात आपला गुजरात पहिला. लहानपणी आजीने नाक दाबून पाजलेले एरंडेल कधी काळी आपल्याला सुखावेल असे वाटले नव्हते, पण थंडीच्या सकाळी गाडीच्या धुरातून येणारा त्याचा वास आता मला प्रिय झाला आहे. प्रचंड उष्णतेतही एरंडेलाचा थर धातूवरून सुटत नाही हा त्याचा मोठा गुण. मागे चिकट थर सोडते हा दोष.

आपल्या राज्यात मिथेनॉलची खरेदी-विक्री आणि साठवण परवान्याच्या चौकटीत येते, आणि ते योग्यच आहे. जुलै २००९ मध्ये अहमदाबादेत लठ्ठ्याने शंभराहून अधिक बळी घेतले. जुलै २०२२ मध्ये बोटाद परिसरात पुन्हा चाळीसहून अधिक माणसे गेली. दोन्ही वेळा मारेकरी मिथेनॉलच होते. तेव्हा घरी मिश्रण बनविण्याचा मोह कदापि करू नये. छंदसाहित्याच्या अधिकृत विक्रेत्याकडून तयार, मोहोरबंद डबा घ्यावा. हा डबा विमानात नेता येत नाही, आणि साध्या कुरिअरने मागवू नये.

पहिली खरेदी

नवशिक्याने सुटे भाग जोडण्याच्या फंदात न पडता तयार गाडी घ्यावी, आणि ती एक-दशांश प्रमाणातील, मोठ्या चाकांची, मातीत चालणारी घ्यावी. सपाट रस्त्यावरच्या शर्यती गाड्या देखण्या असतात, परंतु बोटभर उंचीच्या त्या गाड्यांना आपल्याकडील एक खडा पुरतो. निवड करताना रंग व वेग पाहण्याआधी एकच प्रश्न विचारावा: हिचे सुटे भाग येथे मिळतात काय? पुढचा ए-आर्म, क्लच बेल, ग्लो प्लग आणि एअर फिल्टर या चार वस्तू सहज मिळत नसतील, तर कितीही नामांकित गाडी पहिल्या अपघातानंतर शोभेची वस्तू होते.

गाडीबरोबर लागणारे सामान असे: ग्लो प्लग तापविण्याचा इग्नायटर, इंधन भरण्याची पिचकारी-बाटली, चार-पाच जास्तीचे प्लग, षट्कोनी पान्यांचा संच, फिल्टरचे तेल, खेळ संपल्यावर इंजिनात घालण्याचे तेल, आणि तापमापक. कोविडने प्रत्येक दवाखान्यास इन्फ्रारेड तापमापक दिला, तो येथे उपयोगी पडेल असे मला वाटले होते. परंतु कपाळाचे तापमान मोजणारे ते यंत्र त्रेचाळीस अंशांच्या आसपास हात टेकते. इंजिनासाठी कारखान्यातला तापमापक लागतो.

पहिल्या पाच टाक्या

नवे इंजिन हे नवजात अर्भकासारखे असते, ही उपमा माझ्या व्यवसायाची असली तरी येथे ती खरोखर लागू पडते. या इंजिनांतील पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडर क्रोम चढविलेल्या पितळेचा असतो. सिलिंडर वरच्या टोकाकडे किंचित अरुंद केलेला असतो. थंड असताना पिस्टन तेथे अडकल्यासारखा घट्ट बसतो. तापल्यावर पितळ अधिक प्रसरण पावते आणि दोहोंमध्ये नेमके हवे तितके अंतर निर्माण होते. हे दोन धातू एकमेकांस ओळखू लागेपर्यंत घाई करू नये.

पहिल्या पाच-सहा टाक्या कार्ब्युरेटर 'रिच' ठेवून, म्हणजे इंधन जरुरीपेक्षा थोडे अधिक सोडून, वापराव्यात. पहिली टाकी जवळपास जागच्या जागी. दुसरी-तिसरी संथ चालीने. पुढे हळूहळू वेग वाढवावा, पण सलग नव्हे. प्रत्येक टाकीनंतर इंजिन पूर्ण निवू द्यावे, आणि निवताना पिस्टन खालच्या टोकाशी आहे याची खात्री करावी. वर राहिला तर आकुंचन पावणारा सिलिंडर त्याला आवळून धरतो. फ्लायव्हीलवर रंगाचा एक ठिपका दिला की हे ओळखणे सोपे जाते.

सुरू करण्याच्या दोरीविषयी एक अनुभवाचा सल्ला. ती वीतभर, झटक्याने, पण हलक्या हाताने ओढावी. दोरी जड लागली तर जोर करू नये. बहुधा सिलिंडरमध्ये इंधन साचलेले असते. प्लग काढावा, गाडी उलटी करावी, दोन-तीनदा दोरी ओढून इंधन बाहेर टाकावे आणि मग पुन्हा प्रयत्न करावा. माझी पहिली दोरी तिसऱ्याच दिवशी तुटली. पुतण्या फोनवर एवढेच म्हणाला, "काका, तुम्ही बाळाला कधी ओढून बाहेर काढता का?"

कानाने निदान

कार्ब्युरेटरवर तीन स्क्रू असतात. एक वेगाच्या वेळचे इंधन ठरवितो, दुसरा सुरुवातीच्या संथ गतीचे, तिसरा बंद न पडता इंजिन किती फेऱ्यांवर राहील ते. स्क्रू आत फिरविला की मिश्रण 'लीन' होते, बाहेर काढला की 'रिच'. एका वेळी एकच स्क्रू, आणि तोही फेऱ्याचा आठवा भागच फिरवावा. मग गाडी दोन फेऱ्या धावू द्यावी, नंतर निष्कर्ष काढावा. एका वेळी तीन औषधे सुरू केली तर कोणते लागू पडले हे कळत नाही, हे आपणच विद्यार्थ्यांना सांगत आलो आहोत.

लक्षणे अगदी पाठ्यपुस्तकातल्यासारखी असतात. इंजिन रिच असेल तर दाट पांढुरका धूर, जड, घोगरा आवाज आणि सुस्त चाल. लीन असेल तर धूर नाहीसा होतो, आवाज चिरका होतो आणि गाडी क्षणभर विलक्षण वेगाने पळते. हीच फसगत. नवशिक्याला वाटते, साधले! प्रत्यक्षात इंधन कमी म्हणजे वंगणही कमी, आणि काही मिनिटांत पिस्टन भाजून निघतो. तापात मूल अकस्मात तरतरीत दिसावे आणि तासाभराने आकडी यावी, तसे हे आहे.

तपासण्याही आहेत. डोक्यावर पाण्याचा थेंब टाकावा. तो तीन ते पाच सेकंदांत उडून गेला तर ठीक, स्पर्शताच चर्रकन नाहीसा झाला तर इंजिन फार तापले आहे, तसाच बसून राहिला तर मिश्रण अजून रिच आहे. तापमापकावर १०० ते १२० अंश सेल्सिअस हे बहुतेक इंजिनांस मानवते. संथ गतीवर असताना इंधनाची नळी चिमटीत धरावी. फेरे किंचित वाढून दोन-तीन सेकंदांत इंजिन बंद पडले तर खालचा स्क्रू योग्य आहे.

ऋतुमानाचेही भान ठेवावे लागते. उत्तरायणाच्या सुमारास सकाळची हवा थंड व घन असते, तिच्यात प्राणवायू अधिक, म्हणून इंधनही थोडे अधिक सोडावे लागते. मे महिन्याच्या बेचाळीस अंशांत हवा विरळ होते, मग स्क्रू अगदी अल्प आत घ्यावा लागतो. डिसेंबरची जुळवणी मेमध्ये चालत नाही आणि मेची डिसेंबरात इंजिन जाळते.

खेळ संपला की टाकीतले सर्व इंधन संपवून इंजिन बंद करावे. नायट्रोमिथेनच्या ज्वलनातून आम्लधर्मी अवशेष राहतात आणि मिथेनॉल हवेतली ओल ओढते. प्लगच्या छिद्रातून दोन-तीन थेंब तेल घालून दोरी ओढली नाही, तर आठवडाभरात बेअरिंगला गंज चढतो. माळ्यावरच्या गाडीचे तेच झाले होते. एअर फिल्टर तर प्रत्येक खेळानंतर धुऊन तेल लावावाच. बडोद्याची धूळ तीन सी.सी.च्या इंजिनास एका दिवसात वृद्ध करू शकते.

मैदान आणि शिस्त

दोन किलोची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यातली गतिज ऊर्जा वेगवान गोलंदाजाने ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या चेंडूच्या दुपटीहून अधिक असते. नडगीचे हाड मोडण्यास ती पुरेशी आहे. म्हणून सार्वजनिक रस्ता, सोसायटीचे अंगण, कमाटी बाग या जागा वर्ज्य. आम्ही परिचितांच्या कारखान्याचे आवार सुटीच्या दिवशी परवानगीने वापरतो, कारण आवाजाची तक्रार करणारे शेजारी तेथे नसतात.

सुरू करताना आधी हातातला रिमोट, मग गाडीतला स्विच. बंद करताना याच्या उलट. हा क्रम चुकला तर गाडी कोणाच्याच ताब्यात नसते. 'फेलसेफ' नावाची सोय असलेलीच गाडी घ्यावी. संपर्क तुटताच ती आपोआप ब्रेक लावते. बंद खोलीत इंजिन कधीही सुरू करू नये. कार्बन मोनॉक्साइड आहेच, शिवाय धूर डोळ्यांस झोंबतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही. गाडीवरची हवा थरथरताना दिसली आणि रंग वितळू लागला तर ती पेटली आहे असे समजावे. अग्निशामक हाताशी असावाच.

ती बाटली

येथवर मी जे लिहिले ते कोणत्याही जाणकाराने लिहिले असते. पुढचे मलाच लिहावे लागेल.

माझ्या दवाखान्यात गेली पंचवीस वर्षे एक पत्रक वाटले जाते. मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तीन भाषांत. त्यातले पहिलेच वाक्य असे: रॉकेल, फिनाइल, ॲसिड पाण्याच्या अथवा सरबताच्या बाटलीत ठेवू नका. २०२३ च्या दिवाळीत पुतण्या सहकुटुंब पुण्याहून आला होता. आदल्या दिवशी मोठ्या डब्यातून इंधन काढणे अडचणीचे वाटले म्हणून मी सुमारे पाव लिटर इंधन पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवले होते. त्या इंधनाला गुलाबी रंग होता. बाटली मागील ओट्यावर, बाकाखाली होती.

पुतण्याची मुलगी साडेतीन वर्षांची. फराळाच्या गडबडीत ती ओट्यावर कधी गेली हे कोणास कळले नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बेननी तिच्या हातातून बाटली हिसकावली आणि मला हाक मारली, "साहेब, आ शुं छे?" झाकण उघडे होते. फ्रॉक भिजला होता. तोंडाला वास येत होता. ती हसत होती. घोट घेतला की नुसता सांडला, हे सांगण्याचे तिचे वय नव्हते.

गाडीत बसल्या बसल्या मी मनातल्या मनात हिशेब केला. या वयाच्या मुलाचा एक घोट म्हणजे साधारण ५ मिलिलिटर. त्यात ६५ टक्के मिथेनॉल, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम. वजन १४ किलो. शरीरातील पाण्यात ते पसरले तर रक्तातील पातळी डेसिलिटरला सुमारे ३० मिलिग्रॅम. उपचार सुरू करण्याची मर्यादा २०. एकच घोट पुरेसा होता. आणि ती हसत होती, कारण मिथेनॉल आरंभी काहीच करत नाही. यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल होण्यास वेळ लागतो, लक्षणे बारा ते चोवीस तासांनी दिसू शकतात, आणि दिसतात तेव्हा ती डोळ्यांत दिसतात.

रुग्णालयात ड्यूटीवरील तरुण डॉक्टरने नियमाप्रमाणे हिस्टरी घेतली. "बाटलीत इंधन कोणी ओतले?" मी म्हणालो, "मी." "आपण काय करता?" मी तेही सांगितले. त्याने मान वर न करता लिहून घेतले, याबद्दल मी त्याचा आजही आभारी आहे.

पहिल्या तपासणीत रक्तातील आम्लता सामान्य होती, परंतु क्रिएटिनिन ३.४ आले. युरिया व पोटॅशियम सामान्य. दोन तासांत मूत्रपिंड असे निकामी होत नाही. तेथील वरिष्ठांनी ओळखले ते असे, आणि बालरोग किंवा अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे: क्रिएटिनिन मोजण्याच्या जाफे पद्धतीत नायट्रोमिथेन क्रिएटिनिनचे सोंग घेते. आकडा खोटा असतो. एंझाइमच्या पद्धतीने तपासले असता ते ०.३ निघाले. मात्र त्या खोट्या आकड्याने एक सत्य सांगितले. नायट्रोमिथेन रक्तात होते, अर्थात मिथेनॉलही होते. तिने घोट घेतला होता.

मिथेनॉलचे विघटन रोखण्यासाठी फोमेपिझोल हे उत्तम औषध, पण आपल्याकडे ते सहजासहजी हाताशी नसते. दुसरा उतारा इथेनॉल. दारूबंदीच्या राज्यात, साडेतीन वर्षांच्या मुलीस, दिवाळीच्या रात्री, नळीवाटे इथेनॉल दिले गेले. जोडीला फॉलिनिक ॲसिड. इथेनॉलने लहान मुलांची साखर घसरते, म्हणून दर तासाला साखर. दर चार तासांनी आम्लता. डायलिसिसची सिद्धता. उलटी करवू नये व कोळसा देऊन उपयोग नाही, हे तर आपण जाणताच.

पुतण्या रात्रभर एक शब्दही बोलला नाही. पहाटे सूनबाई माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्या हाती माझ्या दवाखान्यातले पत्रक नव्हते, पण ती म्हणाली, "काका, पहिल्या लसीच्या वेळी तुम्हीच मला ते वाचून दाखवले होते." तिच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते.

मुलगी तिसऱ्या दिवशी घरी आली. आम्लता अखेरपर्यंत सामान्य राहिली. नेत्रतपासणी तेव्हा आणि सहा महिन्यांनी, दोन्ही वेळा उत्तम. आम्ही भाग्यवान ठरलो. बेननी वेळेवर पाहिले, अंतर कमी होते आणि तेथील वरिष्ठांना जाफेची आठवण झाली. या तिन्ही गोष्टींत माझे कर्तृत्व शून्य होते.

समारोप

मी छंद सोडणार होतो. गाडी पुन्हा माळ्यावर ठेवलीही होती. पुतण्यानेच पुढच्या उन्हाळ्यात ती खाली काढली. तो म्हणाला, "काका, दोष गाडीचा नव्हता."

आता इंधन मूळ डब्यातच, कुलपाच्या लोखंडी कपाटात, घराबाहेर असते. मैदानावर जेवढे लागेल तेवढेच, पिचकारीच्या टोकाच्या खास बाटलीत, कवटीचे चिन्ह लावून घेतो. उरलेले परत डब्यात. घरी परतल्यावर बाटली रिकामी आहे हे मी स्वतः पाहतो आणि सौ. पुन्हा एकदा पाहते. पत्रकातल्या पहिल्या वाक्यात मी 'मॉडेल गाड्यांचे व विमानांचे इंधन' हे शब्द वाढविले आहेत, आणि पालकांनी विचारले तर कारणही सांगतो.

या छंदाने मला थांबून ऐकावयास शिकविले, एका वेळी एकच स्क्रू फिरवावयास शिकविले. पण दवाखान्यात अंगी बाणलेली शिस्त अंगणात आपोआप येत नाही, हे त्याहून मोठे शिक्षण होते. आपल्यापैकी कोणी बागेत कीटकनाशके वापरत असेल, कोणी पोहण्याच्या तलावाचे क्लोरीन घरी ठेवत असेल, कोणी चित्रकलेचे टर्पेंटाइन. कृपया आज घरी गेल्यावर ती कोणत्या बाटलीत आहेत ते पाहावे.

गेल्या हिवाळ्यात मुलगी पुन्हा आली होती. कुंपणापलीकडे आईच्या कडेवर बसून तिने गाडी पाहिली. इंजिनावर पाण्याचा थेंब टाकला की मोठ्याने आकडे मोजण्याचे काम तिच्याकडे दिले आहे. चारला थेंब उडाला. "आजोबा, बरोबर?" तिने विचारले. बरोबर होते.

ज्या सन्मित्रांना हा छंद जवळून पाहण्याची इच्छा असेल त्यांनी कोणत्याही रविवारी सकाळी साडेसहाला यावे. पायांत बूट असावेत. पिण्याचे पाणी मात्र गाडीतच ठेवून यावे. आमच्या मैदानावर आता पाण्याची बाटली आणत नाहीत.